नवरा जेलमध्ये गेला की मुलांची पोटगी बंद होते का?

ताई, तुमचे यजमान दोन वर्षांपासून नागपूरच्या सेंट्रल जेलमध्ये आहेत आणि सासरचे म्हणतात, "आता पोटगी विसर." नका विसरू. कोर्टाने ठरवलेली रक्कम कोर्ट बदलत नाही तोवर महिन्यामागे महिना चढतच राहते.

माझ्या बहिणीचं असंच झालं. भाऊजी आत गेले तेव्हा वकील म्हणाले, "सुटून येऊ द्या, मग बघू." आम्ही १४ महिने गप्प बसलो आणि तिथेच फसलो. पोटगीचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. त्याखाली वॉरंट काढून वसुली करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज लागतो. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे त्या वाटेने मिळालेच नाहीत. तुमचा तर दर महिन्याला जुना एक महिना हातचा जातोय. वसुलीचा अर्ज याच आठवड्यात टाका.

"कैद्याकडे काय असणार," हे आम्हालाही ऐकवलं. मग बहिणीने काटोलकडच्या बागेचा सातबारा काढला. सासऱ्यांच्या नावाखाली भाऊजींचं नाव! पगार थांबला होता, पण आंबिया बहाराची फळं दरवर्षी व्यापाऱ्याला जातच होती. जमिनीवरची वसुली कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, महसुलाच्या थकबाकीसारखी करवू शकतं.

आणि "तो शिक्षा भोगतोय ना" याला अर्थ नाही. पोटगी न दिल्याबद्दलच कोणी आत गेला, तरी थकबाकी फिटत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. यजमानांकडे खरंच काही नसेल तर रक्कम कमी करायचा अर्ज त्याच संहितेच्या कलम १४६ खाली त्यांनी करावा. कैद्यालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. तो त्यांचा हक्क आहे, भाऊजींनाही मीच मुलाकातीत सांगितलं होतं.

तुम्हाला वकिलाची फी परवडत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. वसुलीला वेळ लागतो, तोवर बालसंगोपन योजनेचा अर्जही महिला व बालविकास कार्यालयात द्या. मंजूर झाला तर एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात.

जाताना पोटगीच्या आदेशाची प्रमाणित प्रत, थकलेल्या महिन्यांचा हिशोब आणि मुलांचं शाळेचं बोनाफाईड घेऊन जा. बहिणीला फक्त बोनाफाईडसाठी तीन फेऱ्या पडल्या, त्याही मे महिन्याच्या उन्हात.