इगतपुरीला जाईन, पण आईंना कोण बघणार?

पत्र: मी ४६ वर्षांची आहे. घणसोलीला राहते, नोकरी ठाण्यात, नौपाड्याला. सासूबाई ७९ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. दिवसा मावशी असतात, त्या सहाला जातात. मी पावणेसातला घरात पाऊल टाकलं की आईंचं सुरू होतं, “दादा अजून आले नाहीत का गं?” सासऱ्यांना जाऊन आठ वर्षं झाली. पहिल्यांदा मी नीट सांगते, पाचव्यांदा ओरडते. त्या रडतात, मग मी बाथरूममध्ये जाऊन रडते. मिस्टर महाप्याला शिफ्टमध्ये, मुलगा कॉलेजात. ध्यानाचं ॲप घेतलं, पण डोळे मिटले की आईंचाच आवाज कानात. डोंबिवलीच्या नणंदबाई म्हणतात, “वहिनी, जे आहे ते स्वीकार, पॉझिटिव्ह राहा, इगतपुरीला विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून ये.” ते दहा दिवस आईंना कोण बघणार, यावर कुणी बोलत नाही. मला खरंच शांत व्हायचंय. मी वाईट सून आहे का?

उत्तर:

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. दिवसभर नोकरी करून, गर्दीतून उभ्यानं घरी आलेल्या बाईचा आवाज पाचव्या वेळी चढला, एवढंच झालंय.

‘स्वीकार’ असं तुम्हाला सगळे सांगतात. नेमकं काय स्वीकारायचं, ते मात्र तुमचं तुम्ही शोधायचं. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक आईंचा आजार. दुसरी, त्या आजाराची प्रत्येक संध्याकाळ तुमच्या एकटीच्या वाट्याला येणं. आजार कुणाच्या हातात नाही. संध्याकाळची वाटणी मात्र घरातल्या माणसांच्या हातात आहे, कुणी बसून ती ठरवली नसली तरी. स्वीकार आजाराचा करा. एकटीनं ओढण्याचा करू नका, आणि तसं केलं नाहीत म्हणून तुमचं मन छोटं ठरत नाही.

आजाराचा स्वीकार म्हणजे रोजच्या व्यवहारात काय? तर आईंना दुरुस्त करणं सोडून देणं. या आजारात नवी आठवण टिकत नाही, जुनी बराच काळ टिकते. त्यामुळे “दादा गेले, आई” हे तुम्ही रोज सांगता तेव्हा त्यांच्यासाठी ती बातमी रोज नवी असते. त्या रोज नव्यानं विधवा होतात. खरं सांगायचा तुमचा हेतू चांगला, पण तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, पोचतं ते फक्त दुःख. प्रश्नाऐवजी प्रश्नामागच्या भावनेला उत्तर द्या. “दादांची आठवण येतेय ना? ते कामावरून आले की आधी काय मागायचे हो?” असं विचारून बघा. खोटं बोलायची गरज पडत नाही. कित्येकदा माणूस मग त्या गोष्टीतच रमतो. प्रश्न पुन्हा येईल, हे धरून चाला.

संध्याकाळीच का, याचंही कारण आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या बऱ्याच जणांची अस्वस्थता दिवेलागणीला वाढते. दिवसभराचा थकवा, कमी होत जाणारा उजेड, लांबलेल्या सावल्या, आणि त्यातच मावशींची निघायची गडबड. मावशींना सांगा, अंधार पडायची वाट न बघता साडेपाचलाच घरातले दिवे लावा, पडदे ओढा, चहा-बिस्किट द्या. बातम्यांचा चॅनल बंद. हाताला ओळखीचं काम द्या: वाती वळणं, मेथी निवडणं, शेंगा सोलणं. मेथीच्या काड्या पानांत गेल्या तर जाऊ द्या, तुम्ही नंतर बघा. आणि एक लक्षात ठेवा: हा गोंधळ दोन-चार दिवसांत एकदम वाढला तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांकडे न्या. वयस्कर माणसांत साध्या लघवीच्या संसर्गानंही असं होतं आणि ते औषधानं सुधारतं. बी-१२ आणि थायरॉईड तपासले नसतील तर तेही विचारून घ्या.

आता तुमच्या ध्यानाकडे येते. ॲप जमलं नाही म्हणून स्वतःवर चिडू नका. सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, आठ आठवड्यांचा जो अभ्यासक्रम आज जगभर शिकवतात, तो जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. तिथे येणाऱ्यांत जुनाट दुखणी घेऊन आलेले पुष्कळ होते, औषधानं पुरेसं बरं न वाटलेले. दुखणं गायब करू, असं आश्वासन त्यांना कुणी दिलं नव्हतं. जे होतंय ते होत असताना नीट बघायचं आणि मग वागायचं, एवढीच ती शिकवण. त्यासाठी डोळे मिटायलाच हवेत असं नाही. तुमच्या ध्यानाची जागा बाथरूममध्ये नाही आणि ॲपमध्येही नाही, ती तुमच्या ओट्यापाशी आहे.

तिसऱ्यांदा प्रश्न आला की काय होतं, ते फक्त बघा. जबडा आवळतो? लाटण्यावरचा हात घट्ट होतो? श्वास वरच्या वर अडतो? जे होत असेल त्याला मनात नाव द्या: ‘राग आला’. राग यायला नको होता, हे वाक्य त्याला जोडू नका. पायाचे तळवे फरशीला टेकलेत, ते जाणवू द्या. एक श्वास सावकाश, शेवटपर्यंत सोडा. मग वळा आणि आईंशी बोला. यानं राग जाणार नाही. राग आणि ओरडणं यांच्यामध्ये जरा जागा होईल, आणि सध्या तुम्हाला तेवढी जागाच हवी आहे. कधी जमेल, कधी नाही. घरी परततानाच्या गाडीत ठाण्याहून ऐरोलीपर्यंत फोन पर्समध्ये ठेवून नुसता श्वास बघितलात तरी सराव होतो. पुढचं घणसोलीपर्यंत हवं तर व्हॉट्सॲप बघा.

इगतपुरीला सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतली विपश्यना १९७६ पासून शिकवली जाते. तुमची ओढ खरी असेल तर जरूर जा, पण आत्ता नको. तिथे जवळजवळ सगळे दिवस मौन असतं आणि फोन जमा करतात. घरच्या काळजीत बसलात तर स्वतःला नुसता त्रास होईल, आणि ‘हेही मला जमलं नाही’ असं एक नवं ओझं घेऊन याल. तुमच्यासारख्या थकलेल्या माणसानं तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

पण नणंदबाईंनी दहा दिवसांचा विषय काढलाय, तो धरून ठेवा. त्यांना फोन करा आणि टोमणा न मारता, सरळ सांगा: “ताई, दहा दिवस नकोत. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आईंना तुमच्याकडे ठेवा, किंवा तुम्ही इकडे या.” जागा बदलली की अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो, म्हणून त्याच आल्या तर जास्त बरं. मिस्टरांना शिफ्टचा आठवडा बघून ठरावीक संध्याकाळी मागा. मुलाला रोज सात ते साडेसात आजीजवळ बसायला सांगा, त्याचा अभ्यास अर्ध्या तासानं बुडत नाही. हे कुणी ‘मदत’ म्हणून करायचं नाही, आई त्यांची आहे, आजी त्याची आहे. आईवडिलांच्या सांभाळाचा जो २००७ चा कायदा आहे, त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकलीय. सुनेचं नाव त्या कायद्यातल्या ‘अपत्य’ या शब्दाच्या व्याख्येत नाही. हे भांडणात फेकायला सांगत नाही. मागताना तुमचा आवाज अपराधी होऊ नये, म्हणून सांगते.

राहिलं पॉझिटिव्ह राहणं. ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ असं तुम्ही म्हणावं, असं मला अजिबात वाटत नाही. एका कर्त्या बाईला आपल्या घराचा रस्ता आठवत नाही, यात चांगलं काही नाही. पण वाती वळता वळता आईंनी जुनी ओवी म्हटली, तुमचा हात धरून “जेवलीस का गं?” विचारलं, तर तेही खरंच आहे. ते निसटू देऊ नका. त्या दिवशी तुम्ही थकलेल्याही असाल. दोन्ही एकाच संध्याकाळी असू शकतं.

आणि झोप सलग उडाली असेल, रडू थांबत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर माझ्या पत्राची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्यात तुमच्या ऑफिसच्याच भागात, नौपाड्यात, आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. सांभाळणाऱ्यांनीही समुपदेशकाकडे जावं, नुसतं रुग्णालाच नेऊ नये.

नणंदबाईंना फोन या आठवड्यातच करा. काय बोलणं झालं ते कळवा. त्या नाही म्हणाल्या तर पुढे काय करायचं, ते आपण बघू.