मागच्या सीटवर बसून ठरव: न्यूझीलंडमध्ये जुनी हायब्रिड घेताना

तू विचारलंयस की वेंगुर्ल्याहून ऑकलंडला जातोय, नोकरी साउथ ऑकलंडला, आईबाबा नंतर येऊन राहणार, आईला गाडी लागते आणि गुडघेही दुखतात, तर जपानवरून आलेली जुनी हायब्रिड घेताना आराम कसा ओळखायचा आणि अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलसाठी (पुढच्या गाडीशी अंतर राखत आपोआप वेग कमीजास्त करणारी सोय) जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का. मी हॅमिल्टनला असतो, सध्या सुट्टीवर देवगडला आलोय, घरात आंब्याच्या पेट्या भरायचं काम जोरात चालू आहे आणि मला त्यातून सगळ्यांनी मिळून हाकललंय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुझे दोन प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत. ज्या माणसाला गाडी लागते त्याला त्रास कशाने होतो, तर बऱ्याच अंशी पुढेमागे हेलकावे बसल्याने. आणि हेलकावे देतं कोण, तर ब्रेक मारणारा, मग तो ड्रायव्हर असो नाहीतर क्रूझ. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हला एकटा जाऊ नकोस, कोणाला तरी सोबत ने, अर्धा वेळ तू चालव आणि अर्धा वेळ त्याच्या हातात स्टिअरिंग देऊन तू मागे बस, जिथे तुझी आई बसणार आहे तिथे. दोघांच्या लायसन्सचं डीलरला आधी विचारून ठेव. लोक ड्रायव्हरच्या सीटवर पाच मिनिटं बसतात, एसी लावून बघतात आणि मस्त आहे म्हणतात, त्यातून काही कळत नाही.

आधी क्रूझचं बोलू कारण फसगत तिथेच जास्त होते. जाहिरातीत सेफ्टी सेन्स (टोयोटाच्या सुरक्षेच्या सोयींचं नाव) लिहिलेलं दिसलं की अडॅप्टिव्ह क्रूझ आहे असं धरून चालू नकोस. टोयोटाच्या छोट्या, जुन्या बॉडीच्या अ‍ॅक्वामध्ये सेफ्टी सेन्स आलं ते सी नावाचं, त्यात समोर धडक होतेय वाटलं तर ब्रेक लागतो, लेन सोडली तर पीप होतं, पण पुढच्या गाडीच्या मागे आपोआप वेग कमीजास्त करत जाणं त्यात नाही. अ‍ॅक्वाला ते २०२१ ला आलेल्या नव्या मॉडेलपासून मिळायला लागलं आणि तेही प्रत्येक ग्रेडला असेलच असं नाही. टोयोटाच्याच प्रिअसची २०१५ च्या शेवटी आलेली चौथी पिढी, तिच्या वरच्या ग्रेडला रडार क्रूझ, म्हणजे अडॅप्टिव्हच, आहे आणि ते गाडी पूर्ण थांबेपर्यंत काम करतं. होंडाची जुनी फिट आणि व्हेझल सेन्सिंगवाली (होंडाच्या सुरक्षेच्या सोयींचं नाव) असेल तर अडॅप्टिव्ह क्रूझ आहे, पण साधारण ताशी ३० च्या खाली ते हात वर करतं, म्हणजे हायवेला ठीक, संध्याकाळी ऑकलंडच्या सदर्न मोटरवेला गाड्या रांगत असतात तेव्हा पाय तुझाच. म्हणून विकणाऱ्याला क्रूझ आहे का हे विचारू नकोस, शून्यापर्यंत चालतं का हे विचार. त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं, मग त्याला स्टिअरिंगचा फोटो पाठवायला सांग. गाडी आणि तिच्यासमोर आडव्या रेघा असं चित्र असलेलं बटण दिसलं म्हणजे अंतर ठरवायची सोय आहे, म्हणजेच अडॅप्टिव्ह आहे. नुसता स्पीडोमीटर आणि बाण असेल तर ते साधं क्रूझ, वेग धरून ठेवणारं, पुढे ट्रक असला तरी धरूनच ठेवणारं.

टोयोटामध्ये अजून एक गंमत आहे, क्रूझचं मुख्य बटण थोडा वेळ दाबून धरलं की ते साध्या मोडमध्ये जातं आणि अंतर राखणं बंद. डिस्प्लेवर पुढच्या गाडीचं चित्र येतंय ना हे बघितल्याशिवाय ब्रेकवरून पाय हलवू नकोस, त्यात जपानवरून आलेल्या गाडीत सगळे मेसेज जपानी, चित्रावरूनच ओळखायचं. गाडी चालू केल्या केल्या एक बाई जपानीत काहीतरी सांगते, घाबरू नकोस, ती टोलचं कार्ड घातलेलं नाही एवढंच सांगतेय आणि तिकडे त्या मशीनचा काही उपयोग नाही. रेडिओचंही तसंच, जुन्या जपानी रेडिओचा एफएम ७६ पासून ९० पर्यंतच, तिकडची बहुतेक स्टेशनं लागत नाहीत, ती लागावीत म्हणून बँड एक्सपांडर नावाचं छोटं यंत्र बसवावं लागतं.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर. डीलर तुला यार्डाभोवती दोन गल्ल्या फिरवून आणायला बघेल, तू मोटरवेचाच आग्रह धर. साउथ ऑकलंडला असशील तर ड्रुरीकडून बॉम्बे हिल्सचा चढ घे (हो, नाव बॉम्बेच आहे, लोकांना घेऊन आलेल्या एका जहाजावरून पडलंय). फार गर्दी नसताना क्रूझ ९० ला लाव, अंतर सगळ्यात लांबचं ठेव, पाय ब्रेकवर तयार, आणि पुढच्या गाडीच्या मागे जाऊ दे. बघायचं काय, तर ती ब्रेक लवकर आणि हळू लावते की उशिरा आणि दणकन. कोणी मध्ये घुसला तर काय करते. पुढची गाडी एक्झिटला वळली की एकदम सुसाट सुटते का. वळणावर शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच समोर आहे असं समजून उगाच ब्रेक मारते का. थोडंफार हे सगळ्याच करतात, किती करते ते मागच्या सीटवर कळतं. इको मोडला बऱ्याच गाड्या शांत होतात, तोही लावून बघ. आणि एक गोष्ट अजिबात करू नकोस, उभ्या असलेल्या गाडीकडे क्रूझ लावून जाणं. जोरात जाताना समोर आधीपासून थांबलेली गाडी हे सिस्टिम ओळखेलच याची खात्री नसते, मॅन्युअलमध्येही तसं लिहिलेलं असतं.

आता काचेकडे ये. न्यूझीलंडचे गावाकडचे रस्ते म्हणजे डांबरावर खडी दाबलेले, चिपसील म्हणतात, त्याची खडी उडते आणि समोरची काच फुटते, तिकडे हे अगदी नेहमीचं. आणि या सिस्टिमचा कॅमेरा त्याच काचेच्या आत, आरशाच्या मागे असतो. काच बदलली की कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा (मापात बसवावा) लागतो, त्याचा कागद मागायचा. तसंच टोयोटाचं रडार बहुतेक पुढच्या लोगोच्या मागे असतं, म्हणून तो लोगो सपाट, गुळगुळीत असतो. तिथे उठावाचा स्वस्तातला लोगो चिकटवलेला दिसला, किंवा बंपरचा रंग बॉनेटशी जुळत नसेल, तर गाडीने पुढून मार खाल्लाय असं समज आणि रडार परत नीट बसवलंय का ते विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून दे, गाड्यांना तिकडे तोटा नाही.

याच चिपसीलमुळे आरामाचा हिशोबही बदलतो. मोटरवेवर सगळ्याच हायब्रिड शांत वाटतात, खडीच्या रस्त्यावर १०० ला गेलं की छोट्या गाडीत खालून असा घरघराट येतो की आई मागून काय म्हणतेय ते ऐकू येत नाही. म्हणून थोडं बॉम्बे हिल्सजवळच्या पुकेकोहे गावाच्या बाजूला गावातल्या रस्त्याला गाडी घाल आणि मागच्याशी साध्या आवाजात बोलून बघ. सगळा दोष गाडीचाच असतो असं नाही, टायर जुने आणि कडक झाले की आवाज वाढतो. टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. प्रिअसला १५ इंची आणि १७ इंची अशी दोन्ही चाकं येतात, १७ दिसायला भारी पण आईसाठी १५ च घे, जाड टायर खड्डा खातो. शिवाय चौथ्या पिढीपासून प्रिअसला मागे डबल विशबोन सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात) आहे, अ‍ॅक्वाला टॉर्शन बीम (दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली), आणि खराब रस्त्यावर अ‍ॅक्वात मागे बसणं म्हणजे लाल एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरणं.

गुडघ्यांचं मात्र उलट आहे. प्रिअस बुटकी, आत बसताना खाली बसावं लागतं आणि उतरताना दाराला धरून उठावं लागतं. व्हेझल उंच आहे, चढउतार सोपी, पण २०२१ च्या आधीच्या व्हेझल हायब्रिडमध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, हळू ट्रॅफिकमध्ये हलका झटका जाणवतो, आणि सुरुवातीच्या गाड्यांना जपानमध्ये त्याच गिअरबॉक्ससाठी रिकॉलही झाले होते. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये तसे गिअर नसतात, झटका नाही, फक्त चढावर इंजिन ओरडतं. आईला गाडी लागते हे जास्त महत्त्वाचं असेल तर प्रिअस घे, गुडघ्यांचा त्रास जास्त असेल तर बजेट ताणून टोयोटाची उंच रॅव्ह फोर हायब्रिड, २०१९ च्या पुढची, त्यात क्रूझही शून्यापर्यंत येतं. अ‍ॅक्वा मी तुझ्यासाठी घेणार नाही, एकटा असतास तर डोळे झाकून घे म्हटलं असतं.

बाकीचं भराभर. बॅटरीला हवा जायची जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असते, तिच्यात बोट फिरव, कुत्र्याचे केस आणि धूळ अडकलेली असेल तर बॅटरी तापत आली असणार आणि पंख्याचा आवाजही मागेच येतो. एए म्हणजे तिकडच्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडून घेण्याआधीची (प्री-पर्चेस) तपासणी कर, पीपीएसआर या सरकारी नोंदणीत गाडीवर कर्ज नाही ना ते बघ, डीलरकडे असेल तर काचेला लावलेला सीआयएन, म्हणजे गाडीच्या माहितीचा कागद नीट वाच. प्लग-इनच्या (वायर लावून चार्ज करायच्या हायब्रिडच्या) मोहात पडू नकोस, १ एप्रिल २०२४ पासून त्यांना पेट्रोलवरचा कर भरूनही वर दर हजार किलोमीटरला ३८ डॉलर रोड यूजर चार्ज (रस्ता वापरण्याचा कर) लागू झाला, साध्या हायब्रिडला तो नाही.

आणि निघायच्या आधी इकडेच एक काम उरकून घे. कोल्हापूरला नाहीतर गोव्याला शोरूममध्ये जाऊन इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडची, एडास (अडॅप्टिव्ह क्रूझसारख्या ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सोयी) असलेल्या टॉप मॉडेलची टेस्ट ड्राइव्ह माग, आईला घेऊनच जा. क्रूझ आपल्या ६६ नंबरच्या हायवेवर लावायच्या भानगडीत पडू नकोस, गुरं आणि उलट्या बाजूने येणारे रिक्षावाले हे रडारच्या अभ्यासक्रमात नाहीत. पण हायब्रिड ब्रेक कशी लावते, पाय उचलल्यावर कशी ओढ लागते, हे आईला सोसतंय का तेवढं तिथे कळेल. तिला त्यातच मळमळलं तर मला सांग, मग गाड्यांची यादी वेगळी करू.