सभागृहात कोण नव्हतं, ते आधी पाहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मिळालं, वाचूनही झालं. मेहनत दिसते. पण सुरुवातीची बरीच पानं तू ‘राजकीय गट म्हणजे काय’ या चर्चेत घालवली आहेस आणि पेन्सिल्वेनियाची विधानसभा त्यानंतर कुठेतरी भरते. ते उलट कर. २८ सप्टेंबर १७८७, शुक्रवार, फिलाडेल्फियाचं स्टेट हाउस: तिथे त्या दिवशी किती जण बसले होते, इथून सुरुवात कर. सिद्धांताला घाई नसते, तो मागून येईल.

आकडे तुझ्याकडे आहेत, पण तू ते तळटीपेत ढकललेस. सभागृहाचे सदस्य ६९. राज्याच्या १७७६ च्या घटनेप्रमाणे कोरम (कामकाज चालायला लागणारी किमान हजेरी) दोन-तृतीयांशाचा, म्हणजे ४६. अमेरिकेची नवी संघराज्य घटना आदल्या आठवड्यात, १७ तारखेला, त्याच इमारतीत सह्या होऊन तयार झाली होती. तिला मंजुरी देण्यासाठी राज्यात परिषद बोलवावी, असा ठराव जॉर्ज क्लायमर यांनी शुक्रवारी सकाळी मांडला. तो ४३ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. निवडणूक कधी घ्यायची आणि परिषद कुठे भरवायची हे दुपारी चारला ठरवायचं म्हणून सभागृह उठलं. चारला हरलेले एकोणीस आलेच नाहीत. जिंकलेले ४३ आणि अध्यक्ष थॉमस मिफ्लिन मिळून ४४ होतात. कोरमला दोन माणसं कमी.

तुझ्या प्रबंधाचं अख्खं नाट्य या दोनच्या आकड्यात आहे. ते वाचकाला पहिल्याच पानावर कळू दे.

आपल्याकडचा वाचक इथे अडखळेल, हेही ध्यानात ठेव. आपल्या संविधानात राज्याच्या विधानसभेचा कोरम दहा सदस्य किंवा एक-दशांश, यांतला जो आकडा मोठा असेल तो. २८८ च्या सभागृहाला २९ जण पुरतात. त्यामुळे आपल्याकडे सभात्याग हा निषेध असतो, त्यानं कामकाज सहसा अडत नाही. फिलाडेल्फियात मात्र एक-तृतीयांशाहून थोडे जास्त लोक बिऱ्हाडी बसून राहिले की सभागृह उरतच नव्हतं. हा फरक दोन वाक्यांत सांग आणि पुढे जा. आपल्या राजकारणातले दाखले देण्याचा मोह तुला होणार, मला माहीत आहे. तो आवर.

आता शनिवार. शुक्रवारी दुपारी सार्जंट-ॲट-आर्म्सला, म्हणजे सभागृहाची शिस्त राखणाऱ्या अधिकाऱ्याला, गैरहजर सदस्यांना आणायला पाठवलं होतं. त्याला एकोणिसांपैकी सतरा जण मेजर बॉइड यांच्या घरी एकत्र सापडले, आणि त्यांनी यायला साफ नकार दिला. शनिवारी सकाळी न्यूयॉर्कहून काँग्रेसचा, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी संसदेचा, ठराव येऊन पोचला: नवी घटना राज्यांकडे पाठवावी. ‘काँग्रेसनं अजून काही सांगितलेलं नाही’ हा विरोधकांचा एक मुद्दा त्यामुळे संपला. सार्जंट पुन्हा निघाला. कुणी दुरून दिसला नि निसटला, कुणाच्या बिऱ्हाडातून ‘घरी नाहीत’ असा निरोप आला. मग जमाव गेला. फ्रँकलिन परगण्याचे जेम्स मॅककॅलमॉन्ट आणि डॉफिन परगण्याचे जेकब मायली यांना दार फोडून बाहेर काढलं, ओढत आणलं आणि सभागृहात बसवलं. कोरम ४६. पुरा!

मॅककॅलमॉन्ट उभे राहून म्हणाले की मला जबरदस्तीनं आणलंय, जाऊ द्या. गैरहजेरीचा दंड पाच शिलिंग होता, तो भरायची तयारी त्यांनी दाखवली, गॅलरी हसली. ते दाराकडे निघाले तेव्हा लोकांनी वाट अडवली. सभागृहानं चर्चा करून रजा नाकारली. मग निवडणुकीची तारीख ठरली, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार. परिषद फिलाडेल्फियातच.

हा प्रसंग तू ‘झुंडशाही’ या एका शब्दात गुंडाळलास. झुंडशाही होतीच. पण मला तुझ्याकडून त्यापुढचं हवं आहे. दार फोडलं गेलं ते बिऱ्हाडाचं. पश्चिमेकडचे सदस्य अधिवेशनाला येत तेव्हा शहरात भाड्यानं राहत, बहुतेक एकमेकांच्या सोबतीनं. त्या काळी ना पक्ष कार्यालय, ना प्रतोद, ना सदस्य नोंदणी. मग गट एकत्र कशानं राहत होता? एका घरात मुक्काम, एका टेबलावर जेवण, आणि ॲलिगेनी डोंगर ओलांडून आलेल्या माणसाला शहरातल्या व्यापाऱ्याबद्दल वाटणारा संशय. सतरा जण एकाच छताखाली सापडतात, हा मला गटाच्या अस्तित्वाचा कोणत्याही भाषणापेक्षा मोठा पुरावा वाटतो. यावर दोन पानं लिही. तुझ्या मसुद्यात अर्धी ओळ आहे.

तारखेचंही तसंच. ‘निवडणूक ६ नोव्हेंबरला ठरली’ असं लिहून तू मोकळी झालीस. २९ सप्टेंबर ते ६ नोव्हेंबर, म्हणजे जेमतेम साडेपाच आठवडे. त्यात घटनेची प्रत वेस्टमोरलंडसारख्या डोंगरापलीकडच्या परगण्यात पोचायची, लोकांनी ती वाचायची किंवा ऐकायची, उमेदवार ठरवायचे, मतदान करायचं. घाई करणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं, थांबा म्हणणाऱ्यांनाही. तिथे कार्यपद्धती हाच भांडणाचा ऐवज होता. शिवाय ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी विधानसभेची वार्षिक निवडणूक होती, हे सभागृह संपतच आलं होतं. विरोधक म्हणत होते, नव्या सभागृहाला ठरवू द्या. बहुमतवाल्यांना आज हातात असलेलं बहुमत उद्याच्या भरवशावर सोडायचं नव्हतं. दोघांनाही वेळेचं मोल सारखंच कळत होतं.

गटांच्या नावांत तुझा गोंधळ झालाय, तो दुरुस्त कर. १७७६ च्या राज्यघटनेचे पाठीराखे ते ‘कॉन्स्टिट्यूशनॅलिस्ट’, आणि नेमका त्यांनीच १७८७ च्या संघराज्य घटनेला विरोध केला. ती जुनी घटना मोडू पाहणारे ‘रिपब्लिकन’, तेच पुढे नव्या घटनेचे फेडरलिस्ट समर्थक. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा काडीचा संबंध नाही. पहिल्या उल्लेखातच हे स्पष्ट कर आणि पुढे शक्य तिथे माणसांची नावं वापर: फिंडली, व्हाइटहिल एका बाजूला, क्लायमर, फिट्झसिमन्स, रॉबर्ट मॉरिस दुसऱ्या बाजूला.

ही भांडणं १७८७ मध्ये जन्मली नाहीत. त्यामुळे एखादं प्रकरण मागे जाऊन लिहावंच लागेल. १७७६ च्या घटनेत एकच सभागृह होतं, राज्यपाल नव्हता, व्हेटो नव्हता. विधेयकं छापून लोकांसमोर ठेवायची आणि तातडीचं काम नसेल तर पुढच्या अधिवेशनापर्यंत कायदा करायचा नाही, अशी त्यात तरतूद होती. ‘लोकांना वेळ द्या’ हा एकोणिसांचा मुद्दा ऐनवेळी शोधलेलं निमित्त नव्हता, तो त्यांच्या घटनेच्या हाडात होता. दुसरी बाजूही तितकीच न्यायानं मांड. ही घटना बदलायची असेल तर ‘कौन्सिल ऑफ सेन्सर्स’ नावाच्या, दर सात वर्षांनी निवडल्या जाणाऱ्या मंडळाच्या दोन-तृतीयांश मतांनीच परिषद बोलवता येई. १७८३-८४ मध्ये त्या मंडळात रिपब्लिकनांना साधं बहुमत मिळालं, दोन-तृतीयांश मिळालं नाही आणि गाडं तिथेच रुतलं. चार वर्षांपूर्वी ज्या अपूर्णांकानं त्यांना अडवलं, तोच १७८७ च्या शुक्रवारी पुन्हा आडवा आला. त्यांचा संयम का सुटला हे यातून कळतं. समर्थन होत नाही, पण कळतं.

बँकेचं भांडण मात्र विस्तारानं घे. तिथे मजकूर समृद्ध आहे. बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाची राज्याची सनद १७८५ मध्ये कॉन्स्टिट्यूशनॅलिस्टांनी रद्द केली आणि मार्च १७८७ मध्ये ती परत मिळाली. मधल्या १७८६ च्या वादात विल्यम फिंडली आणि रॉबर्ट मॉरिस समोरासमोर आले. फिंडली आयर्लंडहून आलेला विणकर. मॉरिस बँकेशी जोडलेला देशातला नावाजलेला व्यापारी. फिंडलीचा रोख असा: तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी लढताय याला हरकत नाही, पण मग निःपक्षपाती न्यायाधीशाचा आव आणू नका. त्या काळच्या अमेरिकेत बड्या माणसानं सार्वजनिक हिताचंच बोलायचं, स्वतःचा लाभ तोंडावर आणायचा नाही, असा रिवाज होता. एका विणकरानं तो भर सभेत फाडला. तुझी गटांची सैद्धांतिक चर्चा इथे बसव. प्रकाशक मॅथ्यू कॅरीनं ही चर्चा छापली आहे, तेव्हा सारांशावर समाधान मानू नकोस.

साधनांबद्दल एक सक्त सूचना. थॉमस लॉइड हा शॉर्टहँडमध्ये तरबेज लेखनिक. विधानसभेतल्या सप्टेंबरच्या चर्चेसाठी त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पण पुढच्या मंजुरी परिषदेच्या चर्चेचं जे पुस्तक त्यानं १७८८ मध्ये काढलं, त्यात जेम्स विल्सन आणि टॉमस मॅककीन या समर्थकांचीच भाषणं आहेत. फिंडली, व्हाइटहिल, स्मायली तिथे तासन्‌तास बोलले, आणि पुस्तकात ते नाहीत. ‘पेन्सिल्वेनिया हेरल्ड’चे संपादक अलेक्झांडर डॅलस दोन्ही बाजू छापत होते, त्यांची नोकरी गेली. व्हाइटहिलनं शेवटच्या दिवशी पंधरा दुरुस्त्या मांडल्या. त्यांतल्या कित्येक पुढे ‘बिल ऑफ राइट्स’मध्ये, म्हणजे संघराज्य घटनेला जोडलेल्या हक्कांच्या यादीत, आलेल्या हक्कांसारख्याच होत्या. पण त्या परिषदेच्या इतिवृत्तात नोंदवायलाही बहुमतानं नकार दिला. अल्पमताच्या जाहीर निवेदनातून त्या आपल्यापर्यंत आल्या. तेव्हा ‘विरोधकांकडे ठोस मांडणी नव्हती’ हे तुझं वाक्य काढून टाक. मांडणी होती, छपाई नव्हती.

उलट बाजूनंही सावध राहा. एकोणिसांपैकी सोळा जणांनी पत्रक काढून आपली बाजू मांडली: दार फोडलं, कपडे फाडले, शिवीगाळ केली. हे पत्रक निवडणुकीच्या तोंडावर मतदारांसाठी लिहिलेलं आहे आणि त्याची भाषा तशीच आहे. राज्यातून संघराज्य घटना लिहिणाऱ्या फेडरल परिषदेला गेलेले सगळे प्रतिनिधी फिलाडेल्फियाचेच, ही त्यातली तक्रार मात्र खरी आहे आणि तिला जागा दे. जमावाचा पुढारी म्हणून नौदलाचे कॅप्टन जॉन बॅरी यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्यावर खटला भरण्याच्या हालचाली झाल्या, निष्पन्न काही झालं नाही आणि वर्ष संपता संपता ते जहाज घेऊन चीनच्या व्यापारी सफरीवर गेले. मजेशीर आहे, पण बॅरीवर प्रकरण लिहू नकोस.

तू पत्रात विचारलंस, ‘शेवटी बरोबर कोण होतं?’ मला हा प्रश्न आवडला आणि प्रबंधात तो नको आहे. त्याऐवजी हे पाहा. क्लायमर, फिट्झसिमन्स, मॉरिस आणि मिफ्लिन या चौघांनी अकरा दिवस आधी ज्या घटनेवर सही केली, तिच्या पहिल्या कलमात कोरम साध्या बहुमताचा आहे आणि गैरहजर सदस्यांना हजर करण्याचा अधिकार अल्पसंख्येनं जमलेल्या सभागृहालाही आहे. म्हणजे ज्या कागदासाठी धडपड चालली होती, त्याच कागदात या पेचावरचा तोडगा लिहिलेला होता. पण लागू होता जुना नियम. १७९० मध्ये पेन्सिल्वेनियानं घटना बदलली, दोन सभागृहं आणि राज्यपाल आणला, कोरमही साध्या बहुमतावर आणला. शनिवारच्या त्या सकाळचा कायद्यावर उमटलेला ठसा शोधायचा तर इथे शोध.

परिषदेत १२ डिसेंबरला घटना ४६ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाली. घाई करूनही पहिला मान डेलावेअरनं ७ तारखेलाच नेला होता. पुन्हा ४६ आणि ६९ हेच आकडे आले म्हणून त्यातून काही अर्थ काढू नकोस, तो योगायोग आहे. कार्लाइल गावात महिनाअखेरीस झालेली दंगल एका परिच्छेदात आटप.

लिंकनबद्दल विचारलं होतंस. होय, डिसेंबर १८४० मध्ये इलिनॉयच्या विधानसभेत कोरम मोडावा म्हणून त्यानं खिडकीतून उडी मारली, आणि त्याची हजेरी तोवर मोजून झाली होती. तळटीपेत घाल, मुख्य मजकुरात नको.

आता एक काम. शुक्रवारच्या विरोधी मतांची नावं आणि पत्रकावरच्या सोळा सह्या शेजारी शेजारी लिही. मॅककॅलमॉन्ट आणि मायली दोघांचीही सही आहे. मग उरलेले कोण, कुठल्या परगण्यातले, आणि सही का केली नाही? मागे हटले, की शहर सोडून घरी निघाले होते? ते लागलं की पुढचं प्रकरण पाठव.

तुझे,
सर