आलेपाकाने घाम का फुटतो?

प्रश्न : माझे वय 47 असून पाच महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. वजन चांगले उतरले, पण मळमळ, पोट फुगणे आणि तीन-तीन दिवस शौचाला न होणे यांनी मी हैराण झाले आहे. सासूबाई मळमळीवर आलेपाकाची वडी, गॅसवर लिंबू-सोडा आणि रात्री अर्धा कप पाण्यातून इसबगोल देतात. आलेपाक खाल्ल्यावर तर छातीत धडधडते आणि घाम फुटतो. हे उपाय बंद करावेत का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सरसकट बंद करू नका, मात्र हे तिन्ही उपाय ज्या पोटासाठी ठरले, ते पोट आता तुमच्याकडे राहिलेले नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे गोड पदार्थ जठरात न रेंगाळता एकदम आतड्यात उतरतो, तेथे पाणी खेचून घेतो आणि 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, मुरडा किंवा जुलाब सुरू होतात. याला ‘डंपिंग’ म्हणतात. काहींना असाच त्रास एक ते तीन तासांनी होतो. तेव्हा इन्सुलिन जास्त स्रवून रक्तातील साखर घसरलेली असते. म्हणजे दोष आल्याचा नाही, पाकाचा आहे. मळमळीसाठी आल्याचा पातळ काप घालून उकळलेले कोमट पाणी, साखर न घालता, घोट-घोट घ्यावे. पन्हे, उसाचा रस, कोकम सरबत आणि शिरा यांनाही हाच नियम लागू आहे.

लिंबू-सोडा मात्र पूर्ण बंद करा, कारण त्यातील वायू एवढ्याशा पिशवीत कोंडून ती ताणतो. त्याऐवजी जिरे किंवा ओवा उकळलेल्या पाण्याचे चार घोट चालतील. पोटावर हिंगाचा लेप लावण्यानेही सहसा अपाय नाही, गुण किती येतो हा ज्याच्या-त्याच्या अनुभवाचा प्रश्न. पण गॅसचे मूळ बहुधा जेवणाच्या पद्धतीत सापडते : भराभर गिळणे, घासागणिक पाणी पिणे, बोलत जेवणे. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर काहींना दुधातील साखर पचत नाही. आठ-दहा दिवस दूध थांबवून ताक किंवा दही घेऊन पाहावे, मात्र तेवढ्यासाठी प्रथिने कमी करू नयेत. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने पोटात जायलाच हवीत.

मला खरी काळजी वाटते ती इसबगोलाची. ते पाणी शोषून फुगते, म्हणून त्यावर भरपूर पाणी प्यावे लागते, आणि तुम्हाला तर एका वेळी पेलाभर पाणीही जात नाही. अशा स्थितीत तो लगदा जोडाच्या अरुंद जागी अडकू शकतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका. आधी दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटाघोटाने, जेवणानंतर अर्धा तास सोडून, पोटात जाते का ते पाहा. जोडीला शिजवलेला दुधी किंवा पडवळ आणि पिकलेल्या पपईची एखादी फोड घ्या. लोहाच्या गोळीनेही मलावरोध होतो, पण ती आपल्या मनाने सोडायची नाही, तिचा प्रकार बदलून मागायचा. सोनामुखीच्या चूर्णाची रोजची सवय लावून घेऊ नये.

आणि दुखले की घरातील आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणे टाळा; बायपासनंतर जोडाच्या जागी त्यामुळे व्रण (अल्सर) होऊ शकतो.

पोटात मुरडून येणारी तीव्र कळ, पाणीही न टिकणारी उलटी, उजव्या बरगडीखाली जेवणानंतरचे दुखणे (वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात) किंवा डांबरासारखी चिकट काळी शौच यांवर ओवा चावत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते हे खरे, पण चिकटपणा आणि उग्र वास असेल तर तो रक्तस्राव असू शकतो. वारंवार उलट्या होत असताना पाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर ‘ब-1’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते; तिचे इंजेक्शन वेळेवर मिळाले नाही तर मज्जासंस्थेला झालेली इजा कायमची राहू शकते.