आपले प्रश्न, आमची उत्तरे : भैरवीनंतरचे गाणे

प्रश्न : मोठ्या भावाने जपून ठेवलेली बीटल्स या इंग्लिश बँडची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी मी अलीकडे पुन्हा ऐकली. शेवटून दुसऱ्या गाण्यात बँड श्रोत्यांचा निरोप घेतो, टाळ्या पडतात आणि त्या विरण्याआधीच ‘अ डे इन द लाइफ’ सुरू होते. आमच्या भजनी मंडळात भैरवी झाली की पेटीचा भाता मिटतो, पुढे कोणी गात नाही. मग निरोपानंतर हे गाणे का? आणि ते दोन गाणी जोडल्यासारखे का वाटते?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच आहे. ही खरोखरच दोन अपुरी गाणी आहेत. बीटल्सपैकी जॉन लेननने आपली कडवी वर्तमानपत्र समोर ठेवून लिहिली. १७ जानेवारी १९६७ च्या ‘डेली मेल’मध्ये मोटार अपघातात गेलेल्या एका ओळखीच्या तरुणासंबंधीची बातमी होती आणि ब्लॅकबर्न गावच्या रस्त्यांवर ४,००० खड्डे असल्याचीही. खड्ड्यांच्या बातम्या आपणही दर पावसाळ्यात वाचतो. पण मृत्यू आणि खड्डे एकाच अंकात, एकाच टाइपात छापले जातात, यातले कारुण्य लेननला दिसले, आणि माझ्या मते तेच या गाण्याचे बीज आहे. त्याचा साथीदार पॉल मॅकार्टनी याच्याकडे सकाळी उठून धावतपळत बस गाठण्याचा एक सुटा तुकडा होता. तो लेननच्या कडव्यांच्या मध्ये बसवायचे ठरले.

१९ जानेवारीला लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा या दोन भागांच्या मध्ये काय वाजणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून २४ आवर्तने मोकळी सोडण्यात आली. बँडचे सहायक मॅल इव्हान्स यांनी ती मोठ्याने मोजली आणि चोविसावे संपताच गजराचे घड्याळ वाजवले. योगायोग असा की पुढची मॅकार्टनीची ओळ झोपेतून उठण्याचीच आहे, त्यामुळे तो गजर गाण्यात कायमचा राहिला. हेडफोन लावून ऐकल्यास आकडे मोजणारा आवाजही पुसटसा कानी पडतो.

ही मोकळी जागा १० फेब्रुवारीला ४० वादकांच्या वाद्यवृंदाने भरून काढली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी प्रत्येकाला आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत आपापल्या गतीने चढत जायला सांगितले आणि शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका, अशी सूचना दिली. साथीदाराचा स्वर ऐकत वाजवायचे, या शिस्तीत जन्म गेलेल्या वादकांना ती फार विचित्र वाटली असणार. हे वादन चार वेळा मुद्रित करून एकावर एक चढवले, म्हणजे परिणाम १६० वादकांचा झाला. त्यासाठी चार ट्रॅकची, म्हणजे एका फितीवर चारच आवाज वेगवेगळे नोंदवणारी, दोन यंत्रे एकत्र चालवावी लागली.

आता भैरवीचा प्रश्न. निरोपाचे गाणे १ एप्रिलला मुद्रित झाले, म्हणजे ‘अ डे इन द लाइफ’ तयार होऊन महिना उलटल्यावर. तेव्हा भैरवीनंतर चुकून एक गाणे उरले, असे घडलेले नाही. भैरवीच मागाहून रचून त्याच्या अलीकडे बसवली गेली. संपूर्ण तबकडी हा एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम आहे, आणि त्या बँडच्या तोंडी वर्तमानपत्रातला मृत्यू शोभला नसता. खेळ संपतो, टाळ्यांतून साधी गिटार पुढे येते आणि माणूस आपल्या खऱ्या दिवसात परततो. शिवाय या गाण्याच्या अखेरच्या स्वरानंतर दुसरे कोणतेही गाणे उभे राहू शकले नसते. आपल्याकडे भैरवीनंतर गात नाहीत त्याचेही कारण हेच आहे, फक्त इथे तो मान भैरवीला न देता तिच्या पुढच्या गाण्याला दिला आहे.

प्रश्न : याच गाण्याचा शेवटचा स्वर इतका वेळ कसा टिकला? त्या काळी संगणक नव्हते.
— एक वाचक, परभणी

उत्तर : २२ फेब्रुवारीला लेनन, मॅकार्टनी, बँडचा ड्रमवादक रिंगो स्टार आणि मॅल इव्हान्स यांनी तीन पियानोंवर एकाच क्षणी ‘ई मेजर’ हा स्वरमेळ वाजवला आणि मार्टिन यांनी हार्मोनियमवर साथ दिली. होय, आपल्या मंडळातली पेटी तिथेही होती. पियानोचा नाद वाजवताक्षणीच ओसरू लागतो. तो जसजसा ओसरत गेला, तसतशी ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी आवाजाची पातळी हळूहळू वर नेली, त्यामुळे तो चाळीस सेकंदांहून अधिक ऐकू येतो. मात्र स्वर संपत आला तेव्हा पातळी इतकी वर गेली होती, की खोलीतली बारीकसारीक हालचालही फितीवर उतरली. रात्री पंखा बंद करून ऐका. अगदी शेवटी एक खुर्ची करकरते.