नीतिशास्त्रातलं ‘मूल्य’ आणि संख्याशास्त्रातलं ‘मूल्य’ यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

तुम्ही बी.ए.ला तत्त्वज्ञान आणि संख्याशास्त्र असे दोन्ही विषय घेतले आहेत. सकाळच्या तासाला मूल्य म्हणजे सत्य, अहिंसा, समता. दुपारच्या तासाला मूल्य म्हणजे १६० सेंटिमीटर. शब्द एकच, मग हे प्रकरण काय आहे, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नाही, पण त्या विभागाची खोली आमच्या शेजारीच होती आणि चहा एकत्र व्हायचा. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

आधी दोन्हीकडची क्रियापदं बघा. नीतिशास्त्रातली मूल्यं आपण जपतो, पाळतो, मुलांमध्ये रुजवतो, कुणी ती पायदळी तुडवतो. संख्याशास्त्रातलं मूल्य आपण मोजतो, नोंदवतो, काढतो, सूत्रात घालतो. ‘क्षचं मूल्य जपा’ म्हटलं तर वर्ग हसेल. ‘प्रामाणिकपणा दोन दशांश स्थळांपर्यंत काढा’ म्हटलं तरी हसेल. कुठल्याही वाक्यात शंका आली की क्रियापद तपासायचं, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना हा गोंधळ शाळेत फारसा होत नाही, कारण गणितात आपण बहुतेक वेळा ‘किंमत’ म्हणतो. स्थानिक किंमत, दर्शनी किंमत, क्षची किंमत काढा. ‘मूल्य’ हा शब्द परिपाठासाठी राखून ठेवलेला असायचा. श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा वगैरे दहा मूल्यांची यादी कित्येक शाळांच्या भिंतीवर रंगवलेली असते. कॉलेजात ‘व्हॅल्यू’चं भाषांतर करताना पुस्तकांनी किमतीचं मूल्य केलं, आणि दोन्ही अर्थ एका शब्दात येऊन बसले.

मुळात दोन्ही शब्द बाजारातलेच. संस्कृतात मूल्य म्हणजे वस्तूचा दाम. चांगलं-वाईट सांगायला आपल्या जुन्या ग्रंथांना हा शब्द लागलाच नाही. तिथे पुरुषार्थ आहेत, कठोपनिषदात श्रेय (हिताचं) आणि प्रेय (आवडीचं) आहेत. युरोपातही नीतीच्या चर्चेत ‘व्हॅल्यू’ हा शब्द अर्थशास्त्राकडून उसना आला आणि एकोणिसाव्या शतकात, हेर्मान लोत्से या जर्मन तत्त्वज्ञाच्या काळापासून, तिथे रुळला. पण शब्द येण्याआधीच जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये नेमकं बोट ठेवलं होतं: एखाद्या गोष्टीला एक तर किंमत असते, नाही तर प्रतिष्ठा. किंमत असलेल्या गोष्टीच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी गोष्ट ठेवता येते. प्रतिष्ठा असलेल्या गोष्टीला असा बदली नसतो, आणि माणूस या दुसऱ्या प्रकारात येतो.

शेजारच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या विषयातलं मूल्य म्हणजे तंतोतंत ही किंमतच आहे. उंचीच्या तक्त्यात दोन मुली १६० सेंटिमीटरच्या असतील तर माझ्या सूत्राला त्या दोघी एकच. एकीच्या जागी दुसरी ठेवा, सरासरी तसूभर हलत नाही. माणूस तक्त्यात शिरताना आपली प्रतिष्ठा दाराबाहेर ठेवतो, म्हणूनच तर हिशेब करता येतो. ही तक्रार नाही, आमच्या शास्त्राची ती अटच आहे.

तर संख्याशास्त्रात मूल्य म्हणजे काय? एका घटकाबद्दल, एका चलासाठी (चल म्हणजे उंचीसारखा, घटकागणिक बदलू शकणारा गुणधर्म), तक्त्यातल्या एका चौकटीत जी नोंद येते ती. ती संख्याच असायला हवी असंही नाही. रक्तगट हे चल घेतलं तर ‘ओ’ हे त्याचं मूल्य. त्यात बरं-वाईट काही नाही. ‘ए’पेक्षा ‘ओ’ थोर नाही. परीक्षेला न आलेल्या मुलाच्या रकान्यात शून्य लिहायचं की ‘गैरहजर’, यावरून आमच्या स्टाफरूममध्ये एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. शून्य हे मूल्य आहे, गैरहजेरी म्हणजे मूल्याचा अभाव, आणि सरासरीत दोघांचा परिणाम वेगवेगळा. हे पटवता पटवता माझा घसा बसला.

मजा तेव्हा येते, जेव्हा एका अर्थाचं मूल्य दुसऱ्या अर्थाच्या रकान्यात भरलं जातं. माझ्या भाचीच्या शाळेत संवेदनशीलता, सौजन्यशीलता यांना अ, ब, क अशा श्रेण्या होत्या. इथवर ठीक. मग कुणीतरी अ म्हणजे ३, ब म्हणजे २, क म्हणजे १ धरून वर्गाची सरासरी काढली: संवेदनशीलता २.४. स्टीव्हन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मापनाच्या चार पातळ्या सांगितल्या: नाममात्र, क्रमवाचक, अंतराची आणि गुणोत्तराची. अ-ब-क ही क्रमवाचक. अ हा बच्या वर आहे एवढंच कळतं, किती वर ते कळत नाही. तेव्हा २.४ या आकड्याला अर्थ देणं अवघड आहे. पण तो फळ्यावर लिहिल्यावर फार शास्त्रीय दिसतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे संबंध येतो का. येतो, आणि ते बघायला दारिद्र्यरेषेइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराघरांचा खर्च किती, ही राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी त्यांच्यासमोर होती. ही सगळी आमच्या अर्थाची मूल्यं, मोजलेली आणि नोंदवलेली. पण गरीब कोण, हे या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी निकष घेतला तो रोज माणशी २,२५० उष्मांकांचा. एवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीला मिळतं, तिच्याखालचा तो गरीब. उष्मांक किती हे आहारशास्त्र सांगेल. पण गरिबीची रेघ पोटावरच मारायची, औषधपाणी, शाळा, घरभाडं यांवर वेगळी नाही, हे कुठलंही शास्त्र सांगत नाही. माणसाला किमान काय मिळायलाच हवं, याबद्दलचा तो निर्णय आहे, म्हणजे तुमच्या सकाळच्या तासातलं मूल्य.

पुढचं बघा. सरकारने नेमलेल्या सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांची ती थेट गाठ सोडली आणि शिक्षण, आरोग्य यांवरचा खर्चही हिशेबात धरला. त्या पद्धतीने २०११-१२ साठी रेघ आली माणशी महिना ग्रामीण भागात ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये. गरीब निघाले २१.९ टक्के. २०१४ मध्ये रंगराजन समितीने त्याच वर्षाच्या पाहणीवरून रेघ ९७२ आणि १,४०७ रुपयांवर नेली. गरीब झाले २९.५ टक्के. सुमारे सत्तावीस कोटींचे सुमारे छत्तीस कोटी. कुणाच्याही घरातली चूल त्यामुळे बदलली नाही, कुणी एक रुपया कमी खर्च केला नाही. थोडा फरक खर्च आठवायला किती दिवसांचा काळ दिला यातूनही येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मोठा वाटा रेघ कुठे मारायची या निर्णयाचाच आहे. टीव्हीवर मात्र दोन्ही आकडे ‘आकडेवारी सांगते’ म्हणूनच वाचले गेले. आकडेवारी बिचारी खर्च सांगते, गरीब कोण ते सांगत नाही.

छोट्या प्रमाणावर हे रोज होतं. वाडीत दहा घरं आहेत, नऊ घरांचं महिन्याचं उत्पन्न बारा हजार आणि दहाव्याचं एक लाख ब्याण्णव हजार. सरासरी तीस हजार, मध्यक (उत्पन्नं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बारा हजार. गणित दोन्हींचं बिनचूक. वाडी सुखवस्तू दाखवायची असेल तर सरासरी छापा. कुठला आकडा छापायचा ही निवड करणारा माणूस असतो आणि त्याला जाब विचारता येतो, आकड्याला नाही.

उलट दिशेचा घोटाळाही जुना आहे. बेल्जियमच्या केटले या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. पुढे त्याने ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेरांची मापंही मांडून दाखवली. इथपर्यंत उत्तम. पण सगळ्या गुणांत सरासरी असलेला माणूस हाच सुंदर आणि चांगला माणूस, असं तो मानू लागला. निसर्गाचा नेम त्या बिंदूवर, बाकीचे आपण सगळे हुकलेले बाण. सर्वांत जास्त आढळतं ते योग्य, ही चूक आपल्या घरातही होते. ‘सगळेच हुंडा घेतात’ या वाक्यात बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आढळणारं मूल्य, सांगितलेला असतो आणि ऐकणाऱ्याने तो नियम समजावा अशी अपेक्षा असते.

पी-व्हॅल्यूबद्दल थोडक्यात, कारण पुढच्या सत्रात ती येईल. प्रत्यक्षात काही फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, ते ती सांगते. विद्यार्थी ‘पी-व्हॅल्यू चांगली आली’ म्हणतात. ती ०.०५ पेक्षा कमी आली, एवढंच. ती सीमा रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झालेली सोय आहे. तिच्यात चांगुलपणा नाही, फारसं पावित्र्यही नाही.

परीक्षेपुरतं: तत्त्वज्ञानाच्या पेपरात साध्यमूल्य आणि साधनमूल्य हा फरक जरूर लिहा. आनंद स्वतःसाठी हवा असतो, पैसा दुसऱ्या कशासाठी, असं एखादं उदाहरण दिलं की पुरतं. संख्याशास्त्राच्या पेपरात चलाचं मूल्य लिहिताना पुढे एकक लिहा. नुसतं १६० लिहिलं तर मी तरी अर्धा गुण कापतो.