एमडी होईन, पण फिलर कधी शिकणार?

स्किनच्या, म्हणजे त्वचारोगात एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरांकडून एक चिंता मी वारंवार ऐकतो. ओपीडीत दिवसभर गजकर्ण, खरूज, कोड, कुष्ठरोग. बाहेर मात्र दवाखाना चालतो लेझर, बोटॉक्स (सुरकुत्या कमी करणारं इंजेक्शन) आणि फिलरवर (चेहऱ्यावरचा खोलगट भाग भरणारं इंजेक्शन). मग ते शिकायचं कुठे?

अशीच एक मुलगी माझ्याकडे सल्ल्याला आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). सरकारी मेडिकल कॉलेज, दुसरं वर्ष, थेसिस रखडलेला, झोप उडालेली. जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची पोस्टिंग संपवून परतली, तर खासगी कॉलेजातल्या मैत्रिणीच्या इन्स्टाग्रामवर फिलरच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. घरचे म्हणायचे, "स्किन मिळालंय, आता कसली काळजी?" त्यामुळे घरी बोलायची सोय नाही. तिच्या डोक्यात दोन वाटा होत्या: कर्ज काढून शनिवार-रविवारचा कोर्स करायचा, नाहीतर संध्याकाळी एका क्लिनिकमध्ये गुपचूप लेझर मारायला जायचं. दुसरी वाट लगेच निकालात निघाली. निवासी डॉक्टरला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. "तिथे कुणाचा चेहरा भाजला तर कागदावर सही कुणाची?" एवढंच मी विचारलं.

पुढच्या भेटीला तिला लॉगबुक, म्हणजे प्रशिक्षणातल्या कामांची नोंदवही, आणायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, म्हणून प्रत्येक नोंद तिने मला समजावून सांगायची: हे नुसतं पाहिलं, हाताखाली मदत केली, की स्वतः केलं? बायोप्सी, कॉटरी (उष्णतेने जाळून काढणं), कोडावरचं पंच ग्राफ्टिंग (चांगल्या त्वचेचे बारीक तुकडे डागावर बसवणं), मुरुमांच्या खड्ड्यांखाली सुई फिरवून करायचं सबसिजन, हे सगळं तिने स्वतः केलेलं. लेझरला मदत. पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं, फक्त पाहिलेलं. बोटॉक्स आणि फिलर कोरे. "मला काहीच येत नाही" असं म्हणत आलेल्या मुलीचा सुईवरचा हात चांगलाच बसला होता.

बोलता बोलता ती ओपीडीतल्या 'नेहमीच्या' पेशंटांबद्दल सांगू लागली. पार्लरमध्ये लेझरने भाजलेली हनुवटी. गोरं होण्यासाठी वर्षभर स्टिरॉइडचं मलम लावून लाल, केसाळ झालेले गाल. पील जास्त वेळ ठेवल्याने काळवंडलेलं कपाळ. आपल्याकडची त्वचा बहुतेक फिट्झपॅट्रिकच्या (त्वचेच्या रंगाच्या सहा प्रकारांच्या वर्गीकरणातल्या) चौथ्या-पाचव्या प्रकारची, म्हणजे सावळी. उष्णता किंवा आम्ल जरा जास्त झालं की काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. हे सगळं ती मला सहज शिकवत होती, आणि कॉस्मेटिकच्या हिशेबात धरत नव्हती! माझ्या मते तिच्या प्रशिक्षणाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. बिघडलेले चेहरे इन्स्टाग्रामवर चढत नाहीत, ते सरकारी ओपीडीच्या रांगेत येतात.

कोर्सला माझा सरसकट विरोध नाही. पण बोटॉक्सचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पूर्ण दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. पापणी उतरलीच तर तोवर शिकणारा घरी पोचलेला असतो. म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न आम्ही ठरवले: माझ्या हाताने किती पेशंट? त्यांना पुन्हा कोण तपासणार? फिलरने रक्तवाहिनी बंद झाली तर हायलुरोनिडेज (हायलुरोनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं औषध) खोलीत आहे का, आणि ते द्यायचं कोण ठरवणार? तिने दोन ठिकाणी फोन केला. एकीकडून उत्तर आलं, "मॉडेल तुमचं तुम्ही आणा." म्हणजे सुई टोचून घेणारा माणूसही आपणच न्यायचा. कर्जाचा विषय तिथेच संपला.

मग तिने लेक्चरर मॅडमना विचारलं: आठवड्यातली एक दुपार वांगाच्या आणि मुरुमांच्या पेशंटसाठी पीलला ठेवता येईल का? पीलला महागडं मशीन लागत नाही. ग्लायकोलिक आम्ल वेळेत न्यूट्रलाइज (निष्प्रभ) करावं लागतं, सॅलिसिलिकला ते लागत नाही, हे पुस्तकात तिने वाचलेलंच होतं. "आग होतेय" म्हणणाऱ्या पेशंटसमोर घड्याळाकडे बघत थांबायचं आता ती शिकतेय. मॅडम शेजारी उभ्या असतात.

बॉण्डचं वर्ष (एमडीनंतरची सक्तीची सरकारी सेवा) आणि सीनियर रेसिडेन्सी (एमडीनंतरची निवासी डॉक्टरची नोकरी) कुठे करायची, ते पगार आणि घरापासूनचं अंतर एवढ्यावरच ठरवू नये, असं मी सुचवलं. विभागाच्या यादीत लेझर असणं आणि ते चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथल्या जेआरना (एमडी करणाऱ्या ज्युनियर रेसिडेंटना) फोन केला की खरं कळतं. आयएडीव्हीएल या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या परिषदांमधल्या कार्यशाळा आहेत, एमडीनंतर फेलोशिप आहेत.

सध्या ती तिसऱ्या वर्षाला आहे, थेसिस जमा झालाय. फिलरचा रकाना अजून कोराच आहे. आधी फेलोशिप की सीनियर रेसिडेन्सी, हे पुढच्या भेटीत बोलू. घरच्यांनी मात्र क्लिनिकसाठी गाळा बघायला सुरुवातही केलीय.